‘सर्फिन सफारी’च्या दोन प्रती : टी १८०८ आणि डीटी १८०८

टेबलावर बीच बॉइज या अमेरिकन गायक-गटाच्या पहिल्या एलपीच्या, ‘सर्फिन सफारी’च्या, दोन अमेरिकन प्रती आहेत. दोन्ही कॅपिटॉल कंपनीच्या. कव्हरवरचं चित्रही एकच: मालिबूच्या पॅराडाइज कोव्हची वाळू, झावळ्यांनी शाकारलेला जुना पिवळा ट्रक, सर्फबोर्ड आणि समुद्राकडे बघणारी, चौकडीच्या निळ्या शर्टांतली पाच पोरं. फरक छपाईत आहे. एका प्रतीवर क्रमांक टी १८०८. ही मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून तोच एक आवाज. दुसरीवर डीटी १८०८, आणि वरच्या पट्टीत मोठ्या अक्षरांत ‘ड्युओफोनिक’.

टी प्रतीचं कव्हर खालून उसवलंय, रेकॉर्डवर बारीक चरे आहेत, शांत जागी तडतड ऐकू येते. डीटी प्रत आरशासारखी. विकणाऱ्याने डीटीची किंमत जास्त लावलीय, कारण त्याच्या मते ती स्टीरिओही आहे आणि स्वच्छही. घेणारा तीच उचलतो, घरी आणून लावतो आणि गोंधळतो. आवाज पोकळ. एका स्पीकरमधून घुमणारा खर्ज, दुसऱ्यातून किरटी किणकिण, आणि मधे जिथे गाणारी माणसं उभी असायला हवीत तिथे कुणीच नाही. कुणीतरी सुचवतं, ‘मोनोचं बटण दाब.’ दाबल्यावर आवाज मधे येतो खरा, पण पिंपात बसून गायल्यासारखा होतो.

निदान सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्लेअर ठीक आहे, सुई ठीक आहे, रेकॉर्डही झिजलेली नाही. या रेकॉर्डवर जे कोरलंय तेच असं आहे. हा दोष १९६२ साली, तबकडी दाबण्याच्या आधीच, मुद्दाम केलेल्या प्रक्रियेतून आलाय. मोनो बटणाने तो जात नाही, उलट उघडा पडतो.

मूळ टेप मोनो होती

या एलपीतली बारा गाणी एका दमात ध्वनिमुद्रित झालेली नाहीत. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘सर्फिन’ सर्वांत जुनं. ते १९६१ च्या ऑक्टोबरात, हाइट आणि डोरिंडा मॉर्गन या दांपत्याच्या पुढाकाराने मुद्रित झालं आणि कँडिक्स या छोट्या कंपनीने काढलं. बिलबोर्डच्या यादीत ते ७५ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात वाद्यं जवळपास नाहीतच: कार्ल विल्सनची अकूस्टिक गिटार, अल जार्डीनचा उभा बास आणि ब्रायन विल्सनने वाजवलेला एकच स्नेअर ड्रम. बाकी सगळे गळे.

शीर्षकगीत आणि ‘४०९’ ही दोन गाणी १९ एप्रिल १९६२ रोजी हॉलिवूडच्या वेस्टर्न रेकॉर्डर्समध्ये झाली. ध्वनिमुद्रक होते चक ब्रिट्झ. ती टेप ऐकून कॅपिटॉलने मंडळींना करारबद्ध केलं आणि ४ जूनला दोन्ही गाण्यांची सिंगल, म्हणजे बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, काढली. शीर्षकगीत १४ व्या क्रमांकावर पोचल्यावर एलपीची घाई सुरू झाली. उरलेलं काम ऑगस्ट-सप्टेंबरात कॅपिटॉलच्या स्टुडिओत उरकलं आणि १ ऑक्टोबर १९६२ रोजी एलपी दुकानांत आली. निर्माता म्हणून नाव निक व्हेनेचं आहे. जार्डीन तोपर्यंत गट सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेला डेव्हिड मार्क्स चौदा वर्षांचा होता, कार्ल पंधरा वर्षांचा, डेनिस सतरा, ब्रायन वीस (हे तिघे विल्सन भाऊ) आणि त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह एकवीस. कव्हरवर जार्डीन नाही, पण ‘सर्फिन’मध्ये त्याचा बास आहे, ही गोष्ट प्रत हातात घेणाऱ्याने जरूर लक्षात ठेवावी.

या सगळ्या गाण्यांचं अंतिम मिश्रण मोनो झालं. त्या वर्षी पोरांच्या बाजारासाठी हीच पद्धत होती. सिंगल मोनो, मोटारीतला रेडिओ मोनो, घरातला पेटीवजा प्लेअर मोनो. शिवाय ब्रायनला लहानपणापासून उजव्या कानाने जवळपास ऐकूच येत नव्हतं. पुढे त्याने मोनो जाणीवपूर्वक निवडला, त्याचं हे एक कारण सांगितलं जातं. या पहिल्या एलपीत मात्र निवड वगैरे काही नव्हती. मोनो हीच रीत होती.

मग डीटी प्रत आली कुठून? दुकानदारांना स्टीरिओच्या खणात ठेवायला माल हवा होता, आणि स्टीरिओ एलपी मोनोपेक्षा महाग विकली जायची. ज्या गाण्यांचं स्टीरिओ मिश्रणच नाही ती त्या खणात घालायची, तर मोनो टेपवरच काहीतरी करावं लागे. कॅपिटॉलने त्यासाठी १९६१ पासून जी पद्धत वापरली तिचं व्यापारी नाव ड्युओफोनिक. याच गटाची दुसरी एलपी ‘सर्फिन यूएसए’ एसटी १८९० या क्रमांकाने आली. ती खऱ्या स्टीरिओत आहे. म्हणजे एस आणि डी या एका अक्षराने सगळं ठरतं, आणि खरेदी करताना तेच नजरेतून सुटतं.

ड्युओफोनिकमध्ये काय करतात

एकाच मोनो संकेताच्या दोन प्रती काढायच्या. एकीतला खर्ज कमी करायचा, दुसरीतला तार भाग कमी करायचा. मग एक प्रत दुसरीपेक्षा सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाने मागे ठेवायची. काही रेकॉर्डांत वर थोडी गुंजही मिसळलेली असते. एक प्रत डाव्या वाहिनीत, दुसरी उजव्या. कानाला वाटतं की आवाज पसरला.

पसरला, पण वाद्यं वेगळी झाली नाहीत. खऱ्या स्टीरिओत गिटार डावीकडे आणि गाणारा मधे असा मांडलेला असतो. इथे प्रत्येक वाद्याचेच दोन तुकडे होतात: त्याचं पोट एका बाजूला, त्याची धार दुसऱ्या बाजूला. ‘सर्फिन’च्या सुरुवातीला माइक लव्हचा खालच्या पट्टीतला गळा लक्ष देऊन ऐका. टी प्रतीत तो दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, माणसाच्या तोंडाएवढ्या जागेतून येतो. डीटीत त्याचा घुमारा एका स्पीकरला चिकटतो आणि ओठांची फट्‌फट् दुसऱ्याला. ‘४०९’च्या आरंभी मोटारीचं इंजिन गुरगुरतं. तिथेही तेच: गुरगुर एकीकडे, पत्र्याची खरखर दुसरीकडे. ‘मून डॉग’ हे वाद्यगीत, त्यामुळे तिथे फरक सर्वांत आधी कळतो. टोकदार गिटार सरळ एका बाजूला कलते.

हेडफोनवर त्रास आणखी वाढतो. एका कानात बोळा बसल्यासारखं वाटतं, कारण खोलीत दोन्ही स्पीकरांचे आवाज हवेत मिसळतात तसे हेडफोनात मिसळत नाहीत.

आधी यंत्रावरचा संशय मिटवा

पोकळ आवाजाची आणखी दोन कारणं संभवतात, आणि ती तपासल्याशिवाय रेकॉर्डला दोष देऊ नये. पहिलं, कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, एका वाहिनीच्या तारा उलट जोडलेल्या असणं. हे घरच्या घरी कार्ट्रिज बदलताना सर्रास घडतं. पांढरी तार डाव्या वाहिनीची धन, निळी डावीची ऋण, लाल उजवीची धन, हिरवी उजवीची ऋण. निळी-पांढरी जागा बदलून बसली की दोन वाहिन्या एकमेकींविरुद्ध ढकलू लागतात आणि मधला आवाज विरतो.

याची तपासणी टी प्रतच करून देते. टी प्रत लावा, मोनो बटण न दाबता ऐका, मग दाबा. तारा नीट असतील तर संगीतात फरक पडत नाही, फक्त तडतड आणि सरसर थोडी खाली जाते. तारा उलट असतील तर बटण दाबताच संगीत जवळपास नाहीसं होतं. चुकीला वाव नसलेली ही चाचणी आहे आणि तिला अर्धा मिनिट लागतो. एक तरी मोनो एलपी घरात असावी म्हणतात ते यासाठीही.

दुसरा संशय इक्वलायझेशनचा, म्हणजे वाजवताना खर्ज-तार कमीजास्त करण्याच्या प्रमाणाचा. काही जण जुनी रेकॉर्ड म्हटल्यावर प्रीअँपवर (सुईचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रावर) जुन्या काळच्या निरनिराळ्या वक्ररेषा फिरवून बघतात. १९६२ च्या कॅपिटॉल एलपीला त्याची गरज नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आरआयएए, म्हणजे अमेरिकन रेकॉर्ड उद्योगाची सामाईक वक्ररेषा, हेच प्रमाण ठरलं होतं. तिथे खटाटोप करून डीटीचा पोकळपणा जात नाही, फक्त टी प्रतीचाही आवाज बिघडून बसतो.

टी प्रत मधोमध, भरीव वाजली आणि डीटी तिथेच, त्याच यंत्रावर पोकळ वाजली, तर निदान पक्कं.

मोनो बटण डीटीला का मानवत नाही

सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

मोनो बटण दोन वाहिन्या एकत्र करतं. खऱ्या मोनो रेकॉर्डवर दोन्ही वाहिन्यांत तेच संगीत, त्याच क्षणी असतं, त्यामुळे बेरजेत ते दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने वाढतं. तडतड मात्र खाचेच्या दोन भिंतींवर (एका भिंतीवर एक वाहिनी) वेगवेगळी असते. तिची वाढ साधारण ३ डेसिबल. संगीत तडतडीपेक्षा ३ डेसिबलने वर येतं. शिवाय तबकडीच्या उंचसखलपणाने आणि मोटरच्या घरघरीने सुई वरखाली हलते तो आवाज बेरजेत बराचसा कटतो. निव्वळ फायदा.

डीटीत दोन वाहिन्यांमध्ये वेळेचा फरक आहे. समजा तो २ मिलिसेकंद निघाला. ज्या स्वराचं अर्धं आंदोलन बरोबर २ मिलिसेकंदाचं आहे, तो स्वर एका वाहिनीत वर जात असताना दुसरीत खाली येत असतो. बेरीज शून्याकडे. असा पहिला खड्डा २५० हर्ट्झला पडतो, पुढचे ७५०, १२५०, १७५० असे दर ५०० हर्ट्झवर. आलेख काढला तर कंगव्याचे दात दिसतात. गिटारची दुसरी, म्हणजे बी तार मोकळी छेडली की २४७ हर्ट्झ देते. ती जवळपास खड्ड्यातच पडते आणि शेजारची जी तार, १९६ हर्ट्झची, तग धरते. सलग सहा तारा छेडल्या तर काही तारा दबलेल्या, काही उठलेल्या. फरक १ मिलिसेकंदाचा असेल तर पहिला खड्डा ५०० हर्ट्झला, आणि मग ब्रायनच्या वरच्या पट्टीतल्या गळ्यावर गदा येते.

खड्डे सगळीकडे सारखे खोल नसतात. खर्जात एकच वाहिनी बोलते, अतितारातही एकच, त्यामुळे तिथे कटायला समोर कुणी नसतं. दोन्ही वाहिन्या साधारण बरोबरीच्या असतात त्या मधल्या पट्ट्यात खड्डे सर्वांत खोल. आणि तो पट्टा म्हणजे माणसाचा गळा. गळ्यांच्या एकत्र गाण्यावर उभ्या राहिलेल्या गटाच्या रेकॉर्डला याहून वाईट जागी घाव बसू शकत नाही.

कव्हरवर ‘फक्त स्टीरिओ फोनोग्राफसाठी’ अशी सूचना असते तिचंही कारण यात दडलंय. मोनो खाच फक्त आडवी डोलते. दोन वाहिन्यांत फरक असला की खाच वरखालीही होते. त्या काळची जड मोनो कार्ट्रिज उभ्या दिशेने हलायलाच तयार नसत, आणि अशी खाच त्यांच्याखाली तासली जाई. आजही जुनी मोनो कार्ट्रिज हाताशी असेल तर ती डीटीवर चालवू नका. डेनॉन डीएल-१०२ सारख्या, उभी हालचाल सहन करणाऱ्या मोनो कार्ट्रिजने खाच वाचते, पण बेरजेचा कंगवा तसाच राहतो.

कोणती प्रत केव्हाची

आधी क्रमांक आणि पट्टी बघा. मग कव्हरवर विसंबून न राहता रेकॉर्ड बाहेर काढा, कारण साठ वर्षांत कव्हरं आणि रेकॉर्डी अदलाबदल झालेल्या असतात. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर तिरपा उजेड पाडला की कोरलेला क्रमांक दिसतो. मोनोत तो टी-१-१८०८ आणि टी-२-१८०८ अशा धर्तीचा, ड्युओफोनिकमध्ये सुरुवात डीटीने. पुढे एक अक्षर आणि आकडा येतो, तो कोणत्या लॅकरवरून, म्हणजे खाच कापलेल्या मूळ तबकडीवरून, ही बाजू निघाली ते सांगतो. आकडा लहान म्हणजे प्रत आधीची, असा हिशेब कॅपिटॉलच्या बाबतीत खात्रीचा नाही. एकाच वेळी अनेक लॅकर कापून वेगवेगळ्या कारखान्यांना धाडलेली असत.

कारखान्याची खूणही इथेच. त्रिकोणात आयएएम ही अक्षरं दिसली तर पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनची, चांदणी दिसली तर लॉस एंजेलिसची. हे दोन्ही १९६२ ला चालू होते. जॅक्सनव्हिल १९६५ ला आणि विंचेस्टर १९६९ ला सुरू झाला, तेव्हा त्यांची खूण असलेली प्रत पहिल्या खेपेची असूच शकत नाही.

लेबल काळं, कडेने सप्तरंगी कडं, कॅपिटॉलची खूण वर मधोमध: हे त्या काळचं लेबल. कडेची बारीक अक्षरं वाचा. ‘सब्सिडियरी ऑफ कॅपिटॉल इंडस्ट्रीज’ असे शब्द असतील तर प्रत १९६८ किंवा नंतरची. हिरवं लेबल १९६९ किंवा नंतरचं. इथे एक गोष्ट आपोआप उलगडते. अमेरिकेत मोनो एलपी काढणं १९६८ च्या सुमारास थांबलं. त्यानंतर काही वर्षं दुकानात नवी ‘सर्फिन सफारी’ मागितली की हाती डीटीच यायची. म्हणूनच चकचकीत प्रती बहुधा डीटी असतात आणि खरवडलेल्या बहुधा टी. टी प्रती त्या उन्हाळ्यांत पोरांनी खरोखर वाजवलेल्या आहेत.

खरवडलेली टी प्रत वाजती करणं

निर्णय सरळ आहे: ऐकायला टी. तडतड कमी करता येते. कापलेले आणि मागेपुढे सरकवलेले स्वर मात्र तितक्या सहज परत येत नाहीत.

पहिलं काम धुणं. ८५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, १५० मिलिलिटर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटो धुताना वापरतात ते फोटो-फ्लो दीड-दोन मिलिलिटर. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत वाळून बसतात आणि नवी तडतड तयार होते. साबणही नको. हे मिश्रण व्हिनाइललाच चालतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, लाखेच्या तबकडीवर अल्कोहोल पडलं तर ती विरघळते. लेबल झाकून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवत एका बाजूला मिनिटभर घोळवा, वाळू न देता व्हॅक्युम यंत्राने किंवा मायक्रोफायबरने टिपून घ्या, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. हा दुसरा हात गाळला तर खाचेत उरलेला साका पहिल्याच फेरीत सुईला गुंडाळतो आणि आवाज दबतो. लोक याला रेकॉर्डची झीज समजतात.

धुतल्यावरही पहिल्या वाजवण्यात खोलवरचा मळ सुटतो. सुई साफ करा आणि पुन्हा लावा. खरा निकाल दुसऱ्या वाजवण्याचा.

चरा नखाला लागतो का बघा. लागत नसेल तर बहुतेक वेळा तो वरच्या सपाट भागावर आहे आणि आवाजात फारसा उतरत नाही. लागत असेल तर ठराविक अंतराने, मिनिटाला सुमारे ३३ वेळा, टक्‌टक् येणार. ती मोनो बटणाने मऊ होते, जात नाही.

झीज हा वेगळा प्रश्न. १९६२ ची घरगुती यंत्रं पाच-पाच ग्रॅम आणि त्याहून जास्त भार टाकत, सुई झिजली तरी कुणी बदलत नसे. अशी खाच ठराविक उंचीवर तासली जाते. उपाय असा की आपली सुई त्या उंचीवर टेकूच द्यायची नाही. त्या काळच्या मोनो सुईचं टोक साधारण २५ मायक्रॉन त्रिज्येचं, नंतरच्या स्टीरिओ सुईचं १८ च्या आसपास. शिबाटा किंवा मायक्रोलाइनसारखी सुईच्या टोकाची घडण खाचेला वेगळ्याच, उंच आणि अरुंद पट्टीत स्पर्श करते आणि पुष्कळदा कोऱ्या भिंतीपर्यंत पोचते. एखाद्या प्रतीला उलट २५ मायक्रॉनची जाड गोल सुई मानवते, ती झिजल्या जागेच्या वर बसते. दोन्ही करून बघावं, आधी सांगता येत नाही.

झिजेची कसोटी बाजूच्या शेवटी घ्या. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, १२ सेंटीमीटर व्यासावर आली की फक्त २१. तेच स्वर कमी जागेत कोंबलेले, म्हणून झीज तिथे आधी ऐकू येते. पहिल्या बाजूला ही जागा ‘४०९’ची, दुसऱ्या बाजूला ‘द शिफ्ट’ची. अख्खी एलपी पंचवीस मिनिटांच्या आतबाहेर आहे, बाजूला बारा-तेरा मिनिटं. कापणाऱ्याला जागेची टंचाई नव्हती, त्यामुळे दाटीचा त्रास मर्यादित राहतो. विकत घेताना विक्रेत्याला शीर्षकगीत लावू देऊ नका, ‘४०९’चा शेवट लावायला सांगा. तिथले ‘स’ फाटत नसतील तर वरचे चरे खुशाल माफ करा.

अँप्लिफायरला मोनो बटण नसेल तर वाय आकाराचे दोन जोड लागतात. प्लेअरच्या दोन्ही तारा पहिल्या जोडात एकत्र करायच्या आणि दुसऱ्यातून पुन्हा दोन करून फोनो प्रीअँपमध्ये द्यायच्या. ही जोडणी प्लेअर आणि प्रीअँपच्या मधेच करा. प्रीअँपच्या नंतर दोन वाहिन्यांची टोकं थेट एकत्र बांधली तर एकीचा निर्गम (आउटपुट) दुसरीला ओढतो आणि आवाज फाटू शकतो.

डीटीमधून मोनो काढायचा प्रयत्न

टी प्रत मिळतच नसेल, किंवा डीटी घरातल्या कुणाची आठवण असेल, तर संगणकावर बरंच साधता येतं. डीटी ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६ हजार नमुने), २४ बिटवर उतरवा, मोनो बटण न दाबता. या वेगाला १ मिलिसेकंद म्हणजे ९६ नमुने. ‘सर्फिन’ घ्या, कारण त्यात स्नेअर मोकळा आणि एकटा पडतो. दोन वाहिन्यांची आकृती मोठी करून एक ठोका शोधा.

इथे बहुतेक जण चुकतात. एका वाहिनीतला तार भाग कापलेला असल्याने तिच्यातला ठोका बोथट दिसतो आणि त्याची सुरुवात नेमकी कुठे ते कळत नाही. म्हणून मोजणीपुरती एक नक्कल काढा, तिच्या दोन्ही वाहिन्यांना ५०० ते १५०० हर्ट्झचीच वाट ठेवा आणि मग ठोक्यांतलं अंतर मोजा. दोन्ही आकृत्या आता एकमेकींसारख्या दिसतात. समजा अंतर १९२ नमुने निघालं, म्हणजे २ मिलिसेकंद. मूळ फाइलमध्ये मागे पडलेली वाहिनी तेवढी पुढे ओढा, दोन्ही ६ डेसिबलने खाली आणा आणि बेरीज करा. मग चार-पाच नमुने इकडेतिकडे सरकवत गळा सर्वांत भरीव कुठे होतो ते कानाने ठरवा. जागा सापडली की ओळखू येते. विखुरलेला माइक लव्ह अचानक एका तोंडाने गातो.

हेच माप बाकी अकरा गाण्यांना आंधळेपणाने लावू नका, प्रत्येकाचं वेगळं तपासा. मिसळलेली गुंज निघत नाही. खर्ज-तार कापणाऱ्या गाळण्यांनी (फिल्टरांनी) स्वतः केलेली थोडी सरकासरकही राहते, त्यामुळे मधल्या पट्ट्यात एखादा फुगवटा किंवा खोलगा उरतो. तो इक्वलायझरने सपाट करायला मोजपट्टी लागते, आणि ती मोजपट्टी म्हणजे पुन्हा टी प्रतच. खरवडलेल्या टीवरचा दहा सेकंदांचा स्वच्छ तुकडा पुरतो. टी मिळत नसेल तर निदान एखाद्या मित्राच्या प्रतीवरून तेवढा तुकडा आणा.

कव्हर आणि ठेवण

उसवलेल्या शिवणीला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद सोलते. आम्लरहित पांढरा गोंद कागदाच्या घडीने आत सरकवून रात्रभर वजनाखाली ठेवा. कॅपिटॉलची जाहिरातींची मूळ आतली पिशवी जपा, पण रेकॉर्ड तिच्यात नको, कागद चरे पाडतो. पॉलिथिनची आतली पिशवी वापरा. बाहेरून पीव्हीसीचं जाड आवरण टाळा. उष्ण हवेत ते रेकॉर्डवर धुरकट थर सोडतं आणि तो धुतल्यानेही जात नाही. कोकण-गोव्याच्या दमट पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटात सिलिका जेल ठेवा, दर पंधरवड्याने वाळवा, आणि रेकॉर्ड भिंतीला टेकवून नाही तर कपाटात उभी, सैल ठेवा. बुरशी आधी कव्हरच्या कागदावर बसते आणि तिथून खाचेत उतरते.

दोन्ही प्रती एकाच घरात राहणार असतील तर टीला तिचंच उसवलेलं कव्हर राहू द्या. डीटीचं नवं कव्हर तिच्यावर चढवण्याचा मोह होतो, पण पुढच्या माणसाने पट्टीवरचा ‘ड्युओफोनिक’ शब्द वाचून आतली मोनो तबकडी परत ठेवून दिली तर ती कायमची हरवली. बाहेरच्या पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा: क्रमांक, कारखान्याची खूण, कोणती सुई, किती भार. डीटीच्या चिठ्ठीवर प्रत्येक गाण्यासमोर किती नमुने सरकवले तेही लिहा.